वरच्या मजल्यावरची मीटिंग

सुनंदाने दारूचा पहिला घोट घेतला तो झोपेसाठी. गर्भाशय काढण्याचं ऑपरेशन झालं होतं आणि त्यानंतर झोप जी उडाली ती परत येईना. तिचा नवरा हेमंत पीत नाही. पण बेगम बाजारात त्याचं मिरची-चिंचेचं घाऊक दुकान आहे, आणि दिवाळीला व्यापारी एकमेकांना ज्या भेटी देतात त्यांत मिठाईसोबत एखादी बाटलीही येते. तशा बाटल्या कपाटाच्या वरच्या फळीवर धूळ खात पडून होत्या. एकदा तिने औषधाच्या टोपणभर घेतली. झोप लागली. दुसऱ्या दिवशी ती मलकपेठच्या आपल्या ज्युनिअर कॉलेजात गेली आणि कित्येक दिवसांनी टवटवीत डोक्याने तिने गणित शिकवलं.

पुढची काही वर्षं कुणाला काही कळलं नाही. टोपणाचा पेला झाला, रात्रीची संध्याकाळ झाली. घरातल्या बाटल्या संपल्यावर ती रिक्षाने शहराच्या दुसऱ्या टोकाला जायची. तिथे मॉलमधल्या मोठ्या दुकानात बायकाही ट्रॉली ढकलत बाटल्या घेतात, कोणी वळून बघत नाही. घरी बाटली चिंचेच्या डब्यात जायची. तोंडात वेलदोडा असायचा. आणि हेमंतला वास यायचा प्रश्नच नव्हता. तीन पिढ्यांचा मिरचीचा धंदा, दिवसभर पोत्यांमध्ये बसून त्याचं नाक केव्हाच कामातून गेलं होतं. भाजी करपली तरी त्याला सांगावं लागायचं.

सुनंदाच्या आजोबांनी उदगीरकडची शेती भावांवर सोपवून हैदराबाद गाठलं, त्याला आता खूप वर्षं झाली. घरात मराठी, बाजारात दख्खनी, कॉलेजात तेलुगू, असं हे कुटुंब. त्यांच्या नात्यागोत्यात पिणारे पुरुष होते, नव्हते असं नाही. पण पिणारी बाई कोणी पाहिली नव्हती, ऐकली नव्हती. सुनंदाने स्वतःसुद्धा नाही. त्यामुळे आपण जे करतो त्याला काय म्हणायचं, हेच तिला ठाऊक नव्हतं. 'झोपेचं औषध' असंच ती मनात म्हणत राहिली, अगदी दुपारी चारला घेतानाही.

मग एका रविवारी मुलगी पुण्याहून आली. ईशा तिथे नोकरी करते. काचीगुडा स्टेशनवर तिला आणायला सुनंदा स्कूटर घेऊन गेली. चादरघाटच्या पुलाजवळ स्कूटर दुभाजकाला घासली आणि दोघी पडल्या. सुनंदाच्या कपाळाला खोक पडली. ईशाचं मनगट मोडलं.

दवाखान्यात टाके घालता घालता तरुण डॉक्टर थांबला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, आपने पी है क्या?"

हेमंत भडकला. "क्या बातां कर रहे तुम? टीचर हैं वो."

डॉक्टरने पुढचा टाका घातला. सुनंदाने डोळे मिटून घेतले. हेमंतने आधी डॉक्टरकडे पाहिलं, मग सुनंदाकडे, मग पलीकडच्या खाटेवर हात धरून बसलेल्या ईशाकडे. ईशा खाली बघत म्हणाली, "बाबा, स्कूटरवर बसल्या बसल्याच मला वास आला होता. मी काय बोलणार होते?"

त्यानंतरचे दिवस सुनंदाने इस्पितळात काढले. एकदम सोडली तर जिवाला धोका असतो, म्हणून औषधं देऊन, नजरेखाली ठेवून दारू उतरवतात. ते झालं. हात थरथरायचे थांबले. घरी सोडताना मानसोपचाराच्या बाई म्हणाल्या, "शरीराचं काम मी केलं. पुढचं माझ्या एकटीच्या हातात नाही. दारू सोडलेल्या माणसांच्या मीटिंगा असतात. तुम्हाला बसवेल अशी एक शोधा. पहिली पटली नाही तर दुसरी बघा, पण शोधा."

पहिली मीटिंग तिने मोबाइलवर ऐकली. इंग्रजीत होती. माणसं सभ्य होती, मोकळेपणाने बोलत होती. सुनंदाने कॅमेरा बंद ठेवला, आवाज बंद ठेवला, आणि ऐकता ऐकता चिंचेचा डबा उघडला. मीटिंग संपायच्या आत पेला संपला होता. तेव्हा मात्र ती घाबरली. फोनच्या पडद्यातून कोणी आपला हात धरू शकत नाही, एवढं तिला समजलं. मानसोपचाराच्या बाईंनी लिहून दिलेल्या नंबरांपैकी दुसरा तिने लावला. पलीकडून एका माणसाने सुलतान बाजारामागच्या गल्लीतल्या एका शाळेचा पत्ता सांगितला. मंगळवारी संध्याकाळी, शाळा सुटल्यावर.

"सोडायला येऊ?" हेमंतने विचारलं.

"नको," ती म्हणाली. "तुम्ही असलात तर मी आत जाणार नाही."

साड्यांच्या आणि पुस्तकांच्या दुकानांमधून वाट काढत ती त्या शाळेत पोचली. तळमजल्यावरच्या वर्गात एक सडपातळ म्हातारे गृहस्थ खुर्च्या मांडत होते. अप्पाराव त्यांचं नाव. बस डेपोत मेकॅनिक होते, दारूने नोकरी गेली, पुढे दारू सुटली, आणि तेव्हापासून दर मंगळवारी सगळ्यांच्या आधी येऊन ते हा वर्ग उघडतात. दारात चष्मा लावलेली, इस्त्रीची सुती साडी नेसलेली, खांद्याला पर्स लावलेली बाई त्यांना दिसली. ते लगबगीने पुढे आले आणि अतिशय आदराने म्हणाले, "बहनजी, फॅमिलीवाले ऊपर. जिना चढा, उजव्या हाताला."

सुनंदाने तोंड उघडलं. आतमध्ये सात-आठ पुरुष होते, सगळे पुरुषच. तिच्या तोंडून निघालं ते "बरं" एवढंच. आणि ती जिना चढली.

वर लहान मुलांचा वर्ग होता; पिणाऱ्यांच्या घरच्यांची मीटिंग तिथे भरायची. ठेंगण्या बाकांवर गुडघे दुमडून बायका बसल्या होत्या. कुणाचा नवरा खाली होता, कुणाचा अजून गुत्त्यावर होता, कुणाचा या जगात नव्हता. कुसुमताई शेवटच्यांपैकी. सत्तरी ओलांडलेल्या, पांढऱ्या केसांच्या, मराठीच. त्यांचे यजमान हिम्मतराव दारूतच गेले, तरी त्यांनी इथे येणं सोडलं नव्हतं. "ये," त्या म्हणाल्या. "इथे बस. पहिल्या दिवशी बोललंच पाहिजे असं काही नाही."

बायका बोलू लागल्या. हैदराबादेत जसं बोलतात तसं, चार भाषांची मिसळ करून. एक म्हणाली, तो झोपल्यावर मी त्याच्या तोंडाशी नाक नेते, मग मला झोप लागते किंवा लागत नाही. दुसरी म्हणाली, मी लोकांना सांगते की यांना शुगर आहे, म्हणून हात कापतात. तिसरी म्हणाली, मला आता राग येत नाही, त्याचीच भीती वाटते.

सुनंदा बाकावर बसल्या जागी गार पडली. आजवर तिने दारूबद्दल जेवढा विचार केला होता तो सगळा आतून केला होता. किती उरली, कुठे ठेवली, कोणाला कळलं. आता पहिल्यांदाच कोणीतरी तिला बाहेरून दाखवत होतं. प्रत्येक बाईच्या तोंडून हेमंत बोलत होता. तो जे कधी बोलला नाही ते सगळं.

शेवटी कुसुमताईंनी तिच्याकडे पाहिलं. सुनंदा म्हणाली, "माझ्या घरी दारू आहे." त्यात खोटं काहीच नव्हतं. बायकांनी माना हलवल्या. कुणीतरी चहाचा पेला पुढे केला.

पुढच्या मंगळवारी ती पुन्हा गेली. अप्पारावांनी हात जोडले, तिने मान लववली आणि जिना चढली. त्याच्या पुढच्या मंगळवारीही. आपण चुकीच्या खोलीत बसतो आहोत हे तिला पक्कं माहीत होतं. दर वेळी ती ठरवून निघायची की आज खालच्या दारातून आत जायचं, आणि दर वेळी पाय जिन्याकडे वळायचे. वरच्या खोलीत बायका तिची कीव करत होत्या, तिला 'बिचारी' म्हणत होत्या. त्या शब्दाने तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, आणि तरी ती तिथे जायची. कारण त्या खोलीत बसलेली असताना तिला प्यावंसं वाटत नसे. घरी मात्र वाटे. दोनदा तर ती मीटिंगला निघायच्या आधी प्यायली, वेलदोडे चघळले आणि जाऊन त्या बायकांमध्ये बसली.

तिथे राणी नावाची एक मुलगी यायची. ब्यूटी पार्लरमध्ये काम करायची, लग्नाला फार दिवस झाले नव्हते. नवरा खाली यायचा, महिनाभर नीट राहायचा, पुन्हा घसरायचा. एका मंगळवारी ती बोलायला उभी राहिली आणि तिने समोरच्या बाकाची कड धरली. मग म्हणाली, "मला एकच विचारायचंय, पण कोणाला विचारू? त्याला विचारलं तर तो शपथा घेतो. बाटली उघडताना त्याला माझी आठवण येत असेल का हो? एवढंच मला कळायला पाहिजे. आठवण येत नसेल तर मी निघून जाईन. येत असेल तर…"

तिथल्या एकाही बाईला उत्तर माहीत नव्हतं. सगळ्यांनी आयुष्यभर हाच प्रश्न विचारला होता.

"येते," सुनंदा म्हणाली.

राणीने तिच्याकडे पाहिलं. "तुम्हाला काय माहीत?"

"मला माहीत आहे. कारण मी पिते. माझे यजमान पीत नाहीत, मी पिते. झाकण फिरवताना त्यांचा चेहरा डोळ्यांसमोर येतो. रोज येतो. मुलीचाही."

"आणि तरी तुम्ही पिता?"

"तरी पिते. चेहरा दिसतो म्हणून घाई करते, की लवकर दिसेनासा व्हावा."

हे सांगता सांगता सुनंदा उभी राहिली होती. आता या बायका आपल्याला हाकलतील, असं तिला वाटलं. हाकलायलाच हवं होतं. इतके मंगळवार ती त्यांचा चहा प्यायली होती, त्यांची दुःखं चोरून ऐकली होती. ज्या वासाने त्यांचं आयुष्य नासलं तो वास घेऊन त्यांच्यात बसली होती.

राणी रडत होती. रडता रडता तिने आपला बाक ओढला, जमिनीवर त्याचा कर्कश आवाज झाला, आणि तो सुनंदाच्या बाकाला आणून लावला. "अजून सांगा," ती म्हणाली. "मला सगळं सांगा. तो काही सांगत नाही."

पलीकडची एक बाई शांतपणे म्हणाली, "हमना मालूम था."

"काय माहीत होतं?" सुनंदाने विचारलं.

उत्तर कुसुमताईंनी दिलं. "अगं, या खोलीत बसलेल्या बायकांची नाकं बघ. पन्नास वेलदोडे खाल्लेस तरी आमच्यापासून लपतं होय? दुसऱ्याच वेळेला कळलं होतं आम्हाला."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? चुकीच्या खोलीत आलीस म्हणून सांगितलं असतं, तर जिना उतरून तू थेट घर गाठलं असतंस. खालच्या दाराने आत गेली नसतीस. आम्ही आपापसात ठरवलं, हिला बसू द्यायचं. जेव्हा बोलेल तेव्हा बोलेल."

सुनंदाने मला हे सांगितलं तेव्हा ती या जागी येऊन थांबली. ती म्हणाली, "तू विचार कर. ज्यांचं घर दारूने धुऊन नेलं त्या बायका. माझ्या तोंडाला वास येत होता आणि त्या मला सरकून जागा देत होत्या. कोणी खिडकीसुद्धा उघडली नाही." आम्ही दोघी एका स्टाफरूममध्ये बसतो, एकमेकींचे डबे खातो. माणसं माणसांसाठी एवढं करू शकतात हे मला कोणत्याच पुस्तकाने शिकवलं नव्हतं.

कुसुमताईंनी तिचा हात धरला. "चल आता," त्या म्हणाल्या, आणि गुडघे दुखत असूनही एकेक पायरी करत तिला घेऊन खाली आल्या. खाली मीटिंग चालू होती. कुसुमताईंनी दारावर टकटक केली. अप्पाराव उठून बाहेर आले.

"अप्पाराव," कुसुमताई म्हणाल्या, "ही आमची नाही. तुमची आहे."

म्हाताऱ्याला आधी काही कळलं नाही. मग कळलं. त्यांचा चेहरा उतरला. "मी तुम्हाला वर पाठवलं," ते म्हणाले. "दर वेळी. तुम्ही दारात उभ्या होता आणि मीच तुम्हाला वर पाठवत होतो." थोडं थांबून ते स्वतःशीच पुटपुटल्यासारखं म्हणाले, "याच्या आधी किती जणींना पाठवलं असेल? कोण कोण वर गेल्या, परत आल्याच नाहीत. आता कुठे शोधू त्यांना?"

"त्यांचं नंतर बघू," कुसुमताई म्हणाल्या. "हिला आत घ्या."

आत सगळे पुरुष. रिक्षा चालवणारे, दुकानदार, एक वकील, राणीचा नवराही. एकाने मान वळवली, एकाने खुर्ची पुढे केली. सुनंदाने आपलं नाव सांगितलं, आणि मी दारुडी आहे, असं मराठीत म्हणाली. तो शब्द तिने आयुष्यात पहिल्यांदा उच्चारला. 'दारुडा' शब्दाला स्त्रीलिंगी रूप आहे हेसुद्धा तिला त्याच क्षणी जाणवलं. चौघा-पाचांना मराठी येत नव्हतं. त्यांना भाषांतर लागलं नाही.

मग एकेक जण बोलला. वकिलाने सांगितलं की तो बाटली कोर्टाच्या फायलींमागे ठेवायचा. रिक्षावाल्याने सांगितलं की पहिला घोट घेताना त्याला कायम वाटायचं, आज झोपेपुरतीच. सुनंदा ऐकत राहिली. वर तिला हेमंत ऐकू आला होता, इथे ती स्वतः ऐकू येत होती. जे तिने कोणालाही सांगितलं नव्हतं ते रिक्षावाल्याच्या तोंडून, त्याच्या भाषेत, तिच्याच क्रमाने येत होतं. कुसुमताई वर गेल्याच नाहीत. मीटिंग संपेपर्यंत त्या दारापाशी खुर्ची टाकून बसून राहिल्या.

घरी गेल्यावर तिने हेमंतला सगळं सांगितलं. आपण कोणत्या खोलीत बसत होतो तेही सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "वरच्या खोलीत पुरुषांना घेतात का?"

पुढच्या मंगळवारी दोघं बरोबर गेले. ती तळमजल्यावर थांबली, तो जिना चढला. सगळ्या बायकांमध्ये तो एकटा पुरुष, लहान मुलांच्या बाकावर कसाबसा मावलेला. पहिल्या दिवशी तो एवढंच म्हणाला, की मला वास येत नाही, म्हणून मला वाटायचं माझ्या घरात सगळं ठीक आहे. राणीने त्याला चहा दिला. आता तो न चुकता जातो. त्या बायका त्याला भाईसाब म्हणतात आणि मिरची त्याच्याच दुकानातून नेतात.

सगळं सरळ झालं असं नाही. एका दिवाळीत सुनंदा पुन्हा घसरली. दुसऱ्या दिवशी स्वतः अप्पारावांना फोन करून तिने सांगितलं. ईशाचं मनगट बरं झालं, पण ती आईशी बरेच महिने नीट बोलत नव्हती. आता रविवारी फोन करते. सुनंदा म्हणते, "तिने मला अजून पुरतं माफ केलेलं नाही, आणि तिने घाई करावी असं मला वाटतही नाही." कॉलेजात तिने प्राचार्यांना खरं काय ते सांगितलं. ते चपापले, ते सत्र संपेपर्यंत त्यांनी तिला रजेवर पाठवलं, पण पुढच्या सत्रात वर्ग पुन्हा तिच्याकडे आले.

अप्पाराव मात्र त्या दिवसानंतर बदलले. दारात कोणतीही बाई आली की ते आधी तिला बसवतात, पाणी देतात, आणि विचारतात, "तुमच्या स्वतःसाठी आलात, की घरच्यांसाठी?" बहुतेक जणी घरच्यांसाठी आलेल्या असतात. पहिल्या वर्षात एकच बाई वेगळं बोलली. मग आणखी एक. पुरुषांसमोर बोलायला त्यांची जीभ रेटेना, म्हणून अप्पारावांनी शाळेच्या लोकांना भेटून रविवार दुपारची खोली मागून घेतली.

ती मीटिंग सुनंदा चालवते. सुरुवातीला कितीतरी रविवार ती तिथे एकटी बसून होती. दार उघडायचं, पंखा लावायचा, तासभर बसायचं, दार लावायचं. हळूहळू बायका येऊ लागल्या. आयटीतली प्रियदर्शिनी गाडी दोन गल्ल्या आधी लावून चालत येते. ताडी पिणारी एक आजी नातवाला खेळायला सोडून येते असं घरी सांगून येते. एक जण वरंगलहून बसने येते आणि संध्याकाळच्या बसने परत जाते, घरी सांगते की मंदिरात गेले होते. कोणी तेलुगूत बोलतं, कोणी दख्खनीत, कोणी इंग्रजीत.

मी एकदा तिला विचारलं, "तुला तिथे कंटाळा येत नाही? दर वेळी तेच ते ऐकायचं."

"तेच ते?" ती म्हणाली. "एखादी नवी बाई येते. दोन-तीन वेळा नुसती बसते. पदर चाळवत असते, घड्याळ बघत असते. आणि मग एका रविवारी ती श्वास आत घेते, तोंड उघडते, आणि जे तिच्या आईला ठाऊक नाही, नवऱ्याला ठाऊक नाही, ते आम्हा चौघींसमोर सांगायला लागते. अगं, त्या वेळी मला खोलीत हलायचीसुद्धा भीती वाटते."